वर टाकायचा नाही

१ जुलै १९८८, शुक्रवार
रंजनाने टी.सी. काढली. मला हे कळलं कुणाकडून, तर कॉलेजच्या ऑफिसातल्या शिपायाकडून. "ती तुमची उंचवाली मुंबईच्या कॉलेजात गेली ना? भाऊ आलेला टी.सी. न्यायला." मी हो हो म्हटलं, जसं काही मला सगळं ठाऊकच होतं. जिन्यात येऊन भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजलाय. आईला सांगितलं, ठेच लागली.

अकरावीत ती मागच्या बाकावर खांदे पाडून बसायची, उंची दिसू नये म्हणून. तिच्या गावात, चामटोलीत, तिला बायका विचारायच्या, एवढ्या उंच पोरीला नवरा कुठून आणणार? तिला हाताला धरून बास्केटबॉलच्या ग्राउंडवर नेली कोणी? मी. तिच्या मापाचे लेडीज बूट मिळेनात तर सिंधी वस्तीच्या कॅम्प चारमध्ये दुकानं पालथी घालून जेंट्सचे शोधले कोणी? मीच. आणि जाताना एक शब्द नाही. केसाने गळा कापला.

२ जुलै
साळवी सर (खेळांचे) सगळ्या पोरींसमोर म्हणाले, "सेंटर गेली म्हणजे टीम गेली. यंदा स्पर्धेला एंट्री पाठवायची की नाही बघू."
माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, आम्ही बाकीच्या काय तिच्या मागे नुसत्या उभ्या राहायला होतो?"
सर म्हणाले, "मग काय करत होतात? सांग ना."

संताप त्या प्रश्नाचाच आहे. गार्ड म्हणजे आमच्याकडे काय, तर मी नाहीतर दुसऱ्या गार्डने, पूनमने, बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे न्यायचा. रिंगखालून र.चा आवाज यायचा, "वर!" की द्यायचा वर फेकून, जिथे दुसऱ्या कुठल्या पोरीचा हात पोचत नाही तिथे. ती घ्यायची, टाकायची. आम्ही टाळ्या देत परत. सगळा खेळ तेवढाच. मला वाटायचं, मी फार भारी पास देते.

माझं हे टी.वाय. म्हणजे शेवटचं वर्ष. सरांना सांगून आले, एंट्री पाठवा. मला त्या मुंबईच्या कॉलेजला एकदा हरवायचंय. फक्त एकदा. नंतर बी.कॉम., बँकेच्या परीक्षा, बाबांना हवं ते सगळं करीन.

५ जुलै
प्रॅक्टिस. कोर्टवर पाणी. गोणपाटांनी पुसून काढलं, वालधुनी नदीचा वास नाकात. आता सेंटरला शोभा, एफ.वाय.ची पोरगी. चांगली धावते, पण माझ्या कानाएवढी.
मी बॉल आणला आणि फेकला वर. शोभाच्या डोक्यावरून गटारात. पुन्हा आणला, पुन्हा वरच. तिसऱ्यांदा बॉल गटारातून काढून धुतल्यावर शोभा घाबरत म्हणाली, "ताई, मी रंजनाताई नाही ना."
पूनम (सिंधी आहे ती) खो खो हसायला लागली. "अड़ी, ऊपर कोई नहीं है. देख तो ले पहिले."
मी तिच्या अंगावर बॉल फेकून घरी आले. तो मात्र बरोबर लागला.

८ जुलै
कॅप्टन म्हणून नियम केला. आजपासून खांद्याच्या वर पास टाकायचा नाही. जी टाकेल तिने ग्राउंडला पूर्ण एक राउंड मारायचा, मॅच असो की प्रॅ. "वर" हा शब्दही तोंडातून काढायचा नाही. मुळात ओरडायचंच नाही. हातवारे करायचे. मांडीवर थाप म्हणजे खालून टप्पा पास, कोपराला हात म्हणजे पाठीमागून ये.
आज सगळ्यात जास्त राउंड कोणी मारले? अर्थात मी. पूनम प्रत्येक राउंडला टाळ्या वाजवत होती, नालायक.

१७ जुलै, रविवार
आज घरात भांडण. बाबांशी मी असं कधीच बोलले नव्हते.
जेवताना मी र.ला शिव्या घालत होते. बाबा ऐकत होते, ऐकत होते, मग म्हणाले, "मंजू, ती मला विचारून गेली."
मे महिन्यात आमच्या क्वार्टरवर आली होती म्हणे. मी मामाकडे होते. त्या कॉलेजने हॉस्टेल देतो, फी नाही, पुढे खेळाच्या कोट्यातून नोकरीला शब्द टाकतो असं सांगितलं होतं. तिच्या घरात कुणाला काय ते समजेना, म्हणून फॅक्टरीत साहेब आहेत ते सांगतील म्हणून ती बाबांकडे. बाबा म्हणाले, जा.
"आणि मला सांगू नकोस म्हणालात?"
"हो. तू रडून तिला थांबवली असतीस. तुझ्याकडे फॅक्टरीचं क्वार्टर आहे, बाप आहे. तिच्याकडे काय आहे? उंचीच ना?"
मी ताट सरकवून उठले. आई म्हणते, बाबांचं चुकलं नाही. चुकलं नसेल. पण माझ्याच घरात, माझ्याच मैत्रिणीचं, माझ्यामागे ठरतं आणि मी दीड महिना खुळ्यासारखी तिची वाट बघते. बाबांशी बोलायचं नाही. रंजनाशी तर नाहीच नाही.

१८ जुलै
बाबांनी सकाळी माझ्या डब्यात स्वतः लोणचं घातलं. परत आणलं तसंच.

२६ जुलै
पाऊस. कोर्ट बंद. कॉलेजच्या खालच्या पॅसेजमध्ये ड्रिबलिंग केलं, गुडघ्याच्या खाली, बॉल उठूच द्यायचा नाही. मी उजवा हात ओढणीने कमरेला बांधला आणि फक्त डाव्याने. आधी दहा पावलांतच बॉल पळायचा. आज पॅसेजच्या टोकापर्यंत नेला. हेडक्लार्क बाहेर आले, "हे कॉलेज आहे का तबेला?" पूनम म्हणाली, "सर, दोनों." सगळ्यांना बाहेर काढलं.

३० जुलै
पूनमच्या पपांच्या दुकानात गेले होते, कॅम्प दोन, कापडाचं. पपा एका बाईला भाव सांगत होते, डोळे बाईकडे, आणि हाताने कापडाचं थान मागे पूनमकडे फेकलं. बघितलंसुद्धा नाही. तिने झेललं, घडी केली, दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर उलगडलं. दोघांपैकी एकाचंही तोंड थांबलं नाही.
मी म्हटलं, "पूनम, हे तू कोर्टवर का नाही करत?"
"कोर्टवर तू देतेस कुठं? तू नेहमी वरच बघते. चार साल मी बाजूला उभी होती."
घरी येईपर्यंत ते डोक्यात घुमत होतं. खरं बोलली म्हणून जास्त राग आला.

९ ऑगस्ट
कल्याणच्या कॉलेजशी मैत्रीची मॅच. मैत्री कसली. मार खाल्ला. त्यांच्या दोन धिप्पाड पोरी रिंगखाली उभ्या, शोभाला अक्षरशः बाजूला ठेवलं. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "तुमची जिराफ कुठे गेली?"
माझ्या तळपायाची आग मस्तकात. गंमत म्हणजे राग टीमसाठी नाही आला. र.ला जिराफ म्हणाला म्हणून आला. मी वळून त्याला म्हटलं, "तोंड सांभाळ." मग स्वतःचीच चीड आली. माझी कोण लागते ती आता?

१३ ऑगस्ट
पूनम, शोभा आणि मी बसून ठरवलं. रिंगखाली आपण हरणारच. मग बॉल रिंगखाली जाऊच द्यायचा नाही. त्यांनी आत फेकल्या फेकल्या त्यांच्याच टोकाला अडवायचं, दोघी गार्ड एकीवर. कोपऱ्यात ढकलायचं, हात चालू द्यायचे नाहीत. बॉल मिळाला की धावायचं, थांबायचं नाही. मी आत घुसायचं, दोघी माझ्यावर आल्या की पूनमला बाहेर. पूनम लांबून टाकते, दहातले पाच-सहा तरी. लांबची, तीन पॉइंटची लाइन आमच्या कोर्टवर आखलेलीच नाही, ती विटेच्या तुकड्याने काढते. रोज पावसाने पुसली जाते, रोज काढते.
सर छत्री घेऊन बघत होते. म्हणाले, "दमाल." मी म्हटलं, "दमू."

२० ऑगस्ट
कल्याणवाल्यांशी परत. जिंकलो!! त्यांच्या धिप्पाड पोरींपर्यंत बॉल पोचलाच नाही. पूनम न बघता पास देते ना, त्यांना कळेचना काय होतंय. पूर्ण मॅचमध्ये एक शब्द बोललो नाही, नुसत्या मांड्यांवर थापा. त्यांची कॅप्टन रेफरीला म्हणाली, या मुक्या आहेत का?
नंतर साळवी सर त्यांच्या सरांना सांगताना ऐकलं, "माझी बऱ्याच दिवसांची कल्पना होती, प्रेसिंग करायची." अशी बत्तीशी दाखवत होते! जुलैत टीम विकायला काढलेली यांनी.

२८ ऑगस्ट, रविवार
शिवमंदिरात आईबरोबर. बाहेर र.ची आई भेटली, डोक्यावर टोपली, श्रावणाची बेलपानं विकायला आलेली. मी नजर चुकवणार तेवढ्यात तिनेच हाक मारली. "मंजू, तू येत नाय गो आता घरा? रंजी विचारतं, मंजू रागावलं का."
मी म्हटलं, अभ्यास आहे.
तिने बेल दिला, पैसे घेतले नाहीत. आई पैसे घ्या म्हणत होती, तिने ऐकलं नाही. हिच्यावर कशी रागावणार? पण बेल वाहताना मी देवाकडे तिच्या लेकीच्या टीमला हरवायचंच मागितलं. आता काय व्हायचं ते होवो.

१० सप्टेंबर
स्पर्धा सुरू, ठाण्याला. पहिली मॅच आरामात. दुसऱ्या कोर्टवर र. खेळत होती. मी बघणार नव्हते. बघितलं. केस कापलेत. नवा कोरा ड्रेस, पाठीवर नंबर, चांगले बूट. तिची टीम आमच्या जुन्या टीमसारखीच खेळते, सगळं तिच्या हातात. फक्त तिकडे ती गप्प असते. "वर" म्हणत नाही. त्यांच्या गार्डना न सांगताच समजतं, शिकवलंय त्यांना.
पाणी प्यायला गेले तर समोर. "मंजू."
मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. बांधलेलीच होती. सोडून पुन्हा बांधली. मान वर केली तेव्हा ती गेली होती.

१७ सप्टेंबर
सेमी जिंकलो. शोभाला पाचवा फाउल, ती रडत बाहेर. शेवटी आमच्यात सगळ्या बुटक्याच उरल्या, तरी जिंकलो. पूनमने मला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी पडलो.
फायनल शनिवारी. समोर कोण, लिहायला नको.
बाबांनी विचारलं, "येऊ का बघायला?" दोन महिन्यांत पहिल्यांदा मी सरळ उत्तर दिलं. या म्हटलं.

२४ सप्टेंबर, शनिवार
हरलो. एका पॉइंटने.
आज लिहिता येणार नाही.

२५ सप्टेंबर
लिहून टाकते, नाहीतर डोक्यात किडे पडतील.

पहिला हाफ आमचा. त्यांच्या गार्डना आम्ही श्वास घेऊ दिला नाही. र. रिंगखाली हात वर करून उभी आणि बॉल तिच्यापर्यंत येतच नव्हता. तिच्या तोंडावर घाम, चिडलेली. मला इतका आनंद कधी झाला नव्हता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही दमलो. सर म्हणाले होते तसंच. र.ला बॉल मिळायला लागला, प्रत्येक बॉल आत. तरी शेवटी आम्ही तीनने पुढे.

त्यांचा बास्केट झाला, आता एकनेच पुढे, काही सेकंद उरलेले. आम्हाला आमच्या टोकाकडून बॉल आत घ्यायचा आणि नुसता धरून ठेवायचा. एवढंच. शोभाने मला दिला. त्यांच्या दोघींनी मला कोपऱ्यात गाठलं. आमचीच युक्ती आमच्यावर. माझं ड्रिबल थांबलं. पूनम अडकलेली, मांडीवर थापा मारतेय, पण मध्ये पाय. जागा नाही. रेफरीची बोटं मोजतायत.
आणि आवाज आला, "वर!"
माझ्या हाताने टाकला. मी नाही ठरवलं. तोच आवाज, तीच उंची. बरोब्बर तिच्या हातात गेला, चार वर्षं जायचा तसा. एवढा सुंदर पास मी अख्ख्या स्पर्धेत दिला नव्हता.
ती रिंगच्या खालीच होती. बॉल हातात घेऊन एक क्षण तशीच उभी. माझ्याकडे बघितलं. मग टाकला.
शिट्टी.

पूनम माझ्यावर ओरडली नाही. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. शोभा म्हणाली, "ताई, ती असं कसं करू शकते? फसवलं तिने." सगळ्याच म्हणतायत. सर तक्रार करणार होते, पण कसली? ओरडायला बंदी थोडीच आहे.
बाबा फ्लास्क घेऊन आले होते. चहा ओतून दिला. येताना एवढंच म्हणाले, "खेळलात छान." मला किंचाळावंसं वाटलं.

मुद्दाम केलं का तिने? त्या टीममध्ये एकदाही न उच्चारलेला शब्द, नेमका तेव्हाच?

२६ सप्टेंबर, सोमवार
प्रॅ. नव्हती. तरी सकाळी कॉलेजच्या ग्राउंडवर गेले. खांद्याच्या वर पास टाकला होता. नियम माझाच. राउंड मारायला सुरुवात केली.
अर्ध्यात गेटपाशी र. उभी. चामटोलीहून हॉस्टेलला परत निघालेली, हातात पिशवी.
"कशाला धावतंस गो?"
म्हटलं, "वर टाकला की धावायचं. तू गेल्यावर केलेला नियम आहे."
तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मना माहीत हाय, तू काय समजतेस. तू कोपऱ्यात अडकलंस ना, मना दुसरा काय दिसलाच नाय. तोंडातनं आपसूक गेला. शप्पथ."
"आणि नंतर? रिंगमध्ये टाकलास तोही आपसूकच गेला का?"
ती माझ्याकडे सरळ बघत होती. पूर्वी ती कुणाकडे सरळ बघायची नाही, मान खाली.
"नाय," म्हणाली. "तो मी टाकला."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आता काय करायचं या बाईचं?
मी म्हटलं, "गाडी चुकेल तुझी." आणि उरलेला अर्धा राउंड मारला. परत गेटपाशी आले तेव्हा ती नव्हती. ती कुठल्या वेळी गेली ते बघितलं नाही. म्हणजे बघितलं, एकदाच.

१ ऑक्टोबर, शनिवार
सर घरी आले, पेढे घेऊन. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये माझं नाव. आमच्या कॉलेजातून पहिलीच. "मी म्हणत होतो ना," सर म्हणाले. काय म्हणत होते ते विचारायचं आईला सुचलं नाही.
मग दारात चपला घालताना म्हणाले, "गार्ड तू, सेंटर रंजना. सिलेक्टरनी तो शेवटचा पास बघितला. म्हणाले, या दोघींना एकत्र ठेवा, यांची जोडी जमते."
हातातला पेढा परत डब्यात ठेवला. मी ज्यासाठी रडले त्यावरच निवडलं!
बाहेर जाऊन पूनमला पी.सी.ओ.वरून फोन केला. तिचं नाव नाही. तिचं हवं होतं. ती म्हणाली, "जा ना. क्या नाटक है?" मी म्हटलं, तुझ्याशिवाय खालून पास कोण घेणार तिथे? ती म्हणाली, "उसको सिखा दे. बॉल खाली पण येतो, बोल तिला." आणि मग जरा वेळाने, "हरामी," म्हणाली. मला की तिला की सिलेक्टरना, कळलं नाही. तिचा आवाज फुटला होता.
रात्री बाबांना म्हटलं, जाणार नाही.
बाबा म्हणाले, "जा." अगदी असंच तिलाही म्हणाले असणार, याच खुर्चीत बसून.

२ ऑक्टोबर, रविवार
युनिव्हर्सिटी टीमचा कॅम्प उद्या सकाळपासून. बॅग भरली. काढली. परत भरली. आई म्हणते, एकदाचं काय ते ठरव, मला डबा करायचाय.
पूनम येऊन गेली. तिचे चांगले मोजे दिले, धुऊन. विटेचा तुकडा पण आणला होता, मूर्ख, कागदात गुंडाळून. ठेवलाय बॅगेत.
राग गेलेला नाही. हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या तिचा चेहरा बघून मलाच वाटेल की गेला. तिने निरोप न घेता जाणं चुकलं ते चुकलंच. तो बास्केट मात्र मी तिच्या जागी असते तर मीही टाकला असता. हे तिला सांगणार नाही.
उद्या पहिल्याच दिवशी मला बॉल देऊन सांगतील, चल, आण. मी अर्ध्या कोर्टपर्यंत आणीन, डाव्या हाताने, खालून. आणि ती रिंगखालून ओरडेल.
मांडीवर थाप मारून बघणार आहे. तिला अजून माहीत नाही त्याचा अर्थ.